अडीच वाजताचा खांब

भुताले मी भेत नाही! हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून तुमचा गैरसमज होईल. आमच्या बाबारावनं, म्हणजे माह्या बापानं, आमाले लहानपणीच पक्कं शिकवलं, की भूत नसते, कोणाच्या अंगात काही येत नाही, अन् मसणात राखेशिवाय काही सापडत नाही. म्हणून बोरी अरबच्या स्मशानभूमीतल्या शेडले रेलिंग बसवाचं काम आमच्याकडं आलं, अन् हबीबभाईनं विचारलं, "फिटिंगले तठी कोण जाईन रे?", तवा सगळे आपापल्या चपला पाहाले लागले अन् मी छाती काढून पुढं झालो.

"मी जातो! एकटा जातो! तठी कोणी मधात बोलत नाही, काम चांगलं होते!"

हबीबभाई आमचे मालक. तीस वर्षं झाली, दारव्हा रोडवर त्यायचं रेलिंगचं वर्कशॉप हाये. जिन्याचं, गॅलरीचं, शाळेचं, दर्ग्याचं, विहाराचं, जिथं जिथं माणूस हात धरून चढते, तिथं तिथं आमचा पाइप. त्यायचा पोरगा पुण्यात कॉम्प्युटरसमोर बसते, त्याले वेल्डिंगचा धूर सोसत नाही. म्हणून हबीबभाईनं मले शब्द देऊन ठेवला होता.

"धम्मरत्न, ईदनंतर दुकानाची चाबी तुह्या हाती. मी आता आराम करतो. शर्त एकच. कामावर फोन नाही."

या शर्तीमांगं पूनमसिंगची करंगळी होती. पूनमसिंग आमचा कटरवाला. दोन वर्षांमांगं मेव्हण्याशी फोनवर भांडता भांडता त्यानं पाइप कापला अन् पाइपासंगं करंगळीचं पेर बी गेलं. आता कोणी खिशात हात घातला तरी तो अर्धी करंगळी वर करून दाखवते. तेवढ्यानं माणूस हात बाहेर काढते.

"फोन?" मी हबीबभाईले म्हणे. "मी तर घरीच ठेवून येतो! अन् दुपारची झोप बी मले माहीत नाही!"

आता तुमच्यापासून काय लपवू. फोन डब्याच्या पिशवीत असे. अन् जेवल्यावर मले झोप लागत नसे, मी मरतच असे. मांगच्या बाजूले पाइपाचा ढीग हाये, त्याच्या आड आंग टाकलं की मले जगाशी घेणं नाही. म्हणून अडीचचा गजर लावावा लागे. फोन बटनवाला, चार्जिंग आठ दिवस, अन् आवाज असा, की घाटंजीच्या बाजारात वाजला तर गिऱ्हाईक मागं वळून पाहीन. तरी मले उठवाले तो कमी पडे! मंग मी एक शक्कल काढली. फोन एखाद्या पाइपाच्या तोंडात ठेवाचा. आवाज दुप्पट होते.

त्या दिवशी बी ठेवला. पण हबीबभाई दोन वाजताच येऊन धडकले!

"हबीबभाई आले!" पूनमसिंग कानात कुजबुजला. मी ताडकन उठलो, होल्डर हातात घेतला, अन् दोन तासांपासून वेल्डिंग करून राह्यलो असं तोंड केलं.

"स्मशानभूमीचा माल आजच पाठवाचा हाये," हबीबभाई म्हणाले. "तो कोपऱ्याचा खांब उभा करा. अन् धम्मू, गोळा लाव त्याले माह्यासमोर."

खांब तीन इंची. खालचं तोंड पट्टी लावून आधीच बंद केलेलं. पूनमसिंगनं उचलून उभा केला, मी वरून स्टीलचा गोळा बसवला अन् गोल टाका मारला. गोळ्याखाली बारीक भोक तेवढं ठेवलं. ते ठेवाच लागते, आतली हवा तापते, तिले निघाले वाट नसली तर शेवटचा टाका फटकन फुटते. हबीबभाईनं टाक्यावरून बोट फिरवलं. "वा! याले म्हणतात काम!"

अडीचच्या आतच टेम्पो माल घेऊन निघून गेला. संध्याकाळी पिशवीत हात घातला तर फोन नाही! कोणत्या पाइपात ठेवला होता, हे झोपेतल्या माणसाले काय आठवणार? दुसऱ्या दिवशी चाळीस पाइप उलटे केले. एकातून पाल निघाली, एकातून बिडीचं बंडल निघालं, फोन काही निघाला नाही. कोणाले विचारू बी शकत नव्हतो. बायकोले, मैत्रेयीले, मी आदल्या संध्याकाळीच सांगून टाकलं होतं, बाजारात हरवला.

"आजच हरवाचा होता काय?" ती म्हणाली होती, अन् थोडी हिरमुसली होती.

"काहून? आज काय होतं?"

"काही नाही. जाऊ द्या."

रेलिंग बसलं. खांब सिमेंटात पक्के झाले. तिसऱ्या दिवशी मी ग्राइंडर घेऊन एकटाच टाके घासाले गेलो. दुपारचं ऊन होतं, वारा पडलेला. शेडचा टिन मधातच एखादा टणका देई, तेवढाच काय तो आवाज. बाजूले फुटलेलं मडकं, अर्धवट जळालेला बांबू. नदीकडून एक कुत्रं आलं, माह्याकडं पाह्यलं, मंग कोपऱ्याकडं पाह्यलं, अन् कान पाडून आल्या वाटेनं निघून गेलं. मी हसलो. ग्राइंडर बंद केला, पाणी प्यालो.

"उठा..."

हातातली बाटली तशीच राह्यली.

"उठा बरं आता..."

आवाज जमिनीतून येऊन राह्यला होता. खोल, विहिरीत तोंड घालून बोलावं तसा. अन् मायबाप हो, तो आवाज माह्या मैत्रेयीचा होता! दहा वर्षं रोज ऐकतो, मी चुकीन काय? चारी बाजूले पाह्यलं, चिटपाखरू नाही. राख, रेलिंग अन् मी!

तिसऱ्यांदा ऐकाले मी थांबलो नाही. ग्राइंडर तठी, बाटली तठी, एक चप्पल तठी! घरी पोचलो तर मैत्रेयी तुरीची दाळ पाखडून राह्यली होती. मी आधी तिचा हात धरून पाह्यला. गरम होता.

"काय झालं हो?"

"तुले बरं वाटते ना? छातीत दुखते काय? चक्कर येते काय?"

"मले काय धाड भरली! तुमची एक चप्पल कुठं हाये?"

मी भुताले मानत नाही. पण जिवंत बायकोचा आवाज मसणातून आला, तर याचा अर्थ काय काढावा, हे बापानं शिकवलं नव्हतं. मले एकच अर्थ दिसे, की मैत्रेयीची वेळ भरत आली. त्या दिवसापासून मी भांडे घासले, पाणी भरलं, तिले विळी धरू दिली नाही. दारव्ह्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेलो. डॉक्टरनं तिले तपासलं, मंग माह्याकडं पाह्यलं, अन् टॉनिक मले लिहून दिलं!

मैत्रेयीले वेगळाच संशय आला. "सांगा खरं, काय करून आले तुमी? कोण हाये ती?"

अशात हबीबभाई म्हणाले, "चाल, फिटिंग पाहून येऊ."

"सकाळी जाऊ!" मी म्हटलं.

"आत्ताच. उद्या पंचायतवाले येतात."

पोचलो तवा अडीचले पाच-दहा मिनिटं कमी होते. हबीबभाईची पाहाची पद्धत ठरलेली. डोळ्यानं नाही, हातानं पाहातात. पूर्ण रेलिंगवरून हात फिरवत गेले, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा, अन् शेवटी कोपऱ्याच्या खांबावर पंजा ठेवला.

"उठा... उठा बरं आता..."

हबीबभाईचा पंजा तसाच राह्यला. खांब त्यायच्या हाताखाली थरथरून राह्यला होता. मले दिसत होतं.

"हबीबभाई आले!" आवाज म्हणाला. थोडा थांबला. पुन्हा म्हणाला, "हबीबभाई आले! उठा!"

मंग काहीच नाही. टिनानं एक टणका दिला.

"धम्मू," हबीबभाई लय हळू बोलले, "इथं झोपलेले कोण हायेत रे?"

मी दोन पावलं मांगं सरकलो.

"मी येऊन राह्यलो, म्हणून त्यायले जागे करून राह्यले."

"पण हबीबभाई," मी कसंतरी म्हटलं, "तुमचा इथं नंबरच नाही! तुमी तर कबरस्तानवाले!"

त्यायनं माह्याकडं पाह्यलं. "बेटा, वरचं ऑफिस एकच असते."

दुसऱ्या दिवशी हबीबभाई दुकानात आले नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा! त्यायच्या बेगम, शहनाजभाभी, आल्या. डोळे सुजलेले. "हे घे," म्हणाल्या, अन् चाबीचा जुडगा माह्या हातात ठेवला. "त्यायनं खाणं सोडलं. भिंतीकडं तोंड करून पडले. कफन कोणत्या पेटीत हाये, ते मले समजावून सांगून राह्यले. चांगला धडधाकट माणूस, काय झालं रे याले?"

खोटं कायले बोलू? जुडग्याचं वजन हातात आलं, तवा मले बरं वाटलं. अन् बरं वाटलं याची लाज वाटली. पूनमसिंगनं मले "मालक" म्हटलं. मी खुर्चीवर बसून पाह्यलं. खुर्ची चांगली होती, पण तिच्यावर बसून हबीबभाईची टोपी खुंटीवर दिसे, ते काही चांगलं नव्हतं.

घरी आलो अन् शेवटी मैत्रेयीजवळ सगळं ओकलो. मसण, आवाज, खांब, हबीबभाई. पीठ मळता मळता तिचा हात थांबला.

"काय म्हणाला आवाज? जसाच्या तसा सांगा."

"उठा बरं आता. हबीबभाई आले."

ती परातीजवळच बसली अन् अशी हसली, अशी हसली, की मले वाटलं आता खरंच दवाखान्यात न्यावं लागते!

"अहो, तो मीच भरला! तुमच्या फोनाच्या गजरात! त्या दिवशी सकाळी तुमी आंघोळीले गेलते तवा! घंटीनं तुमी उठत नाही. म्हटलं, एकाच नावानं हा माणूस ताडकन उठते, तेच भरून ठेवू. दुपारी कसे उठता, ते संध्याकाळी विचारणार होते, तर तुमी म्हणे फोन हरवला!" अन् हसू एकदम थांबलं. "बाजारात हरवला होता ना?"

मले खांब दिसला. त्याचं उघडं तोंड दिसलं, पूनमसिंगनं तो उभा केला ते दिसलं, अन् त्याच्यावर गोळा लावणारे माहेच दोन हात दिसले.

भीती गेली. मैत्रेयी मरत नव्हती, हबीबभाई मरत नव्हते, मरणार होतो मी! कारण हे सांगाचं म्हणजे फोन सांगाचा, झोप सांगाची, अन् चाबी वापस द्याची. मी बोटांवर हिशेब केला. चार्जिंग आठ दिवसांचं. पाच गेले. तीन दिवसांत खांब आपोआप मुका होते, हबीबभाई आपोआप उठून बसतात, चाबी माह्याजवळच राह्यते.

"अन् तीन दिवस ते जगले नाही तर?" मैत्रेयी म्हणाली. "तीन दिवसांचा उपाशी म्हातारा, अन् तुमाले खुर्ची पाह्यजे!"

मी उठलो. तीबी मांगं आली.

हबीबभाई खाटेवर भिंतीकडं तोंड करून होते. एकाच दिवसात माणूस निम्मा झाला होता. "आला काय, धम्मू? कहा-सुना माफ कर, बेटा. दुकान संभाळ."

मले रडू आलं. डोळे मिटले अन् एका दमात सगळं सांगून टाकलं. मंग खाट करकरली.

"म्हणजे मी मरून नाही राह्यलो?"

"नाही, हबीबभाई."

"शहनाज! खिचडी चढव!" अन् लगेच, "खिचडी नको! मटन चढव!" मंग माह्याकडं वळले. "म्हणजे तू रोज झोपतोस."

"हो."

"फोन आणतोस."

"हो."

"अन् माह्यासमोर, माह्याच खांबात, फोन वेल्ड केला, अन् मी म्हटलं वा."

"हो."

त्यायनं हात पुढं केला. मी चाबी ठेवली. त्यायनं ती उचलली, माह्या खांद्यावरून मांगं नेली, अन् दारात उभ्या मैत्रेयीपुढं धरली.

"बेटी, तुह्या आवाजानं हा मुर्दा उठते अन् माह्यासारखा जिवंत माणूस कफन शोधते. दुकान तूच चालवू शकतेस."

या गोष्टीले आता दोन महिने झाले. दुकान मैत्रेयी चालवते, चांगलं चालवते. खांब काही कापला नाही. बसवलेला खांब कापला तर पंचायतीले काय सांगाचं, म्हणून हबीबभाई नाही म्हणाले. फोन आतच हाये. आठ दिवसांचं चार्जिंग, केव्हाचं संपलं.

फक्त मांगच्या आठवड्यात रुक्माबाई आली होती. ती नदीकडं बकऱ्या चारते. "काहो मैत्रेयीबाई," म्हणे, "काल दुपारी मसणात काय करून राह्यल्या होत्या? कोणाले उठवत होत्या एवढ्या?"

आमी सगळे हसलो. मैत्रेयी हसली नाही.

"काल दुपारी मी इथंच होते," ती म्हणाली.

पूनमसिंगनं कटर बंद केला. मी म्हटलं, एखाद्या फोनची बॅटरी चांगली बी निघते.

अडीच वाजता मी त्या बाजूनं जात नाही. भेतो म्हणून नाही हो! अडीच वाजता मैत्रेयी हजेरी घेते.