आप्पांना एक सवाल हवा होता

व्याख्यानाच्या पाहुण्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं रे उघडलं, की आमचे आप्पा वही मिटतात, पेन खिशाला लावतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात. प्रश्न मात्र एकही सोडत नाहीत. विचारणारा मुलगा घाईनं खाली बसला तर मागून त्याचा शर्ट ओढून, "पुन्यांदा सांग की बाबा," म्हणत अक्षर न् अक्षर उतरवून घेतात. मी एकदा न राहवून विचारलं, "आप्पा, उत्तर नको का लिहायला?" तर म्हणाले, "जवाब ऱ्हाऊ द्या वो भाऊसाहेब. आपल्याला सवाल पायजे."

विद्यापीठाचं धाराशिवला जे केंद्र आहे, तिथं आप्पा प्रयोगशाळेत परिचर आहेत. म्हणजे काचेची भांडी धुवायची, पुसायची, मांडायची आणि मुलांनी फोडली की कपाळाला हात लावायचा. मी तिथलाच कारकून. शिक्षण बी.कॉम. तरी दरवर्षी विज्ञान संशोधन सप्ताहाची हमाली माझ्याच गळ्यात. सोमवार ते शनिवार, रोज एक शास्त्रज्ञ, रोज एक व्याख्यान, रोज शाल-श्रीफळ, आणि शेवटी सगळ्याचा अहवाल मी लिहायचा. मला त्यातलं काय कळतं, हे कृपा करून विचारू नका.

आप्पांचं सगळंच तऱ्हेवाईक. परीक्षानळी धुतली की उजेडात धरून तिलाच विचारतात, "झालं का समाधान?" आमच्या विभागप्रमुख मॅडम परवा भडकल्या, "आप्पा, सकाळपासून नळाला पाणी का नाही?" आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सवाल बेस हाय," म्हणाले आणि निघून गेले. मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या, मी भिंतीकडं.

यंदा सोमवारी सकाळीच त्यांनी मला गाठलं. "भाऊसाहेब, रईवारपतोर मला एक पक्का सवाल मिळवून द्या. शास्त्राचा. लई काम हाय."

काम असं, की आप्पांची एकुलती एक मुलगी अश्विनी बंगळूरला संशोधन करते. फळांवर बसणाऱ्या बारक्या माश्या काचेच्या बाटल्यांत पाळून त्यांच्यावर. आप्पांच्या गावी, तामलवाडीत, पारावरची मंडळी रोज चिडवतात, "काय आप्पा, पोरगी बंगळूरला जाऊन माश्या मारती व्हय?" आप्पा त्यांच्याबरोबर हसतात, पण ते हसणं खरं नव्हे. अश्विनीचा फोन दर रविवारी सकाळी दहाला येतो. जेवलीस का, हवा कशी, ठेवू का, ठेव. दोन मिनिटांत कारभार आटोपतो.

"लहान हुती तवा बोलून बोलून डोस्कं खायची," आप्पा म्हणाले. "माय गेली तिची, तवापासनं तर माझ्याबिगर कुनाशी बोलायची न्हाय. आता मलाच काय इच्यारावं कळंना. दर खेपेला आपलं जेवलीस का. धा वाजता कोन जेवतंय वो? तिच्या कामाचा एक सवाल इच्यारला, तर बोलंल की घटकाभर. न्हायतर ही पोरगी माझ्या हातची गेली बघा."

आता एक आतली गोष्ट सांगतो, पण बाहेर बोलू नका. आमच्याकडं व्याख्यान संपल्यावर "कुणाला काही प्रश्न?" असं म्हटलं की अख्खं सभागृह आपापल्या चपलांकडं बघतं. पाहुणा हिरमुसतो. म्हणून रीतच पडली आहे. पाहुण्यांकडूनच दोन-तीन प्रश्न आधी मागवायचे, मी ते टाइप करायचे, चिठ्ठ्या कापायच्या आणि पुढच्या रांगेतल्या मुलांना वाटायच्या. मुलं उभी राहून वाचतात. पाहुणे "वा, फारच मार्मिक!" म्हणतात आणि स्वतःच्याच प्रश्नाला उत्तर देतात. आप्पांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते आपले हरखून वही भरत होते. "काय हुशार पोरं हायत वो! एकापेक्षा एक!" मी 'तर काय!' म्हणून मोकळा व्हायचो.

सोमवारचे पाहुणे कसल्यातरी अतिसूक्ष्म कणांवर बोलले. इतके सूक्ष्म, की मला शेवटपर्यंत दिसले नाहीत. मंगळवारी गणिताचे वयस्कर प्राध्यापक आले. त्यांनी फळा भरला, पुसला, पुन्हा भरला आणि शेवटी शून्य काढून दाखवलं. टाळ्या पडल्या. एवढ्यात आप्पाच उठले. हातात वही. सरावासाठी म्हणून त्यांनी सोमवारचा उतरवलेला प्रश्न खणखणीत आवाजात वाचला, "हे पान्यात मिसळलं, तर मानसाला अपाय हुईल का?"

मॅडमनी डोळे मिटले. प्राध्यापकांनी चष्मा काढला, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "फार खोलवरचं विचारलंत. शुद्ध गणित व्यवहारात मिसळावं का, यावर आयुष्यभर माझं मन द्विधा आहे." मग वीस मिनिटं बोलले. आप्पा वही मिटून खिडकीबाहेर. जाताना प्राध्यापकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ते ज्येष्ठ सर कुठल्या विषयाचे?" मी म्हटलं, "रसायनशास्त्र." खोटं तरी काय होतं? भांडी तिथलीच धुतात.

बुधवार-गुरुवार असेच गेले. वहीत अकरा प्रश्न झाले आणि माझ्या डोक्याचा पार भुगा. शुक्रवारी मी सभागृहात चिठ्ठ्या कापत बसलो होतो, तर आप्पा पाण्याच्या बाटल्या मांडायला आले. एक चिठ्ठी खाली पडली. त्यांनी ती उचलून वाचली. मग व्यासपीठाकडं बघितलं. तिथं अजून कुणी नव्हतं.

"भाऊसाहेब, पाव्हना आजून गाडीत हाय. सवाल कुठनं आला?"

सांगावंच लागलं. आप्पांनी ऐकून घेतलं. "म्हंजे पाव्हनाच इच्यारतोय आन् पाव्हनाच सांगतोय? मग मधी पोरं कशाला?" आप्पांनी वही काखेत मारली. "मग म्या रईवारी काय इच्यारू?" एवढंच बोलले आणि उरलेल्या बाटल्या मांडून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बी.कॉम. असलो तरी मन आहे मला.

शनिवारी मी कॉम्प्युटरवर शोधाशोध केली. माश्या, मेंदू, जनुकं असे जड जड शब्द जुळवून एक प्रश्न तयार केला, टाइप केला आणि नेहमीच्या सवयीनं चिठ्ठी कापून आप्पांच्या हातात ठेवली. त्यांनी ती घडी करून घेतली. दुसरं काही मिळालंच नव्हतं बिचाऱ्यांना.

रविवारी मी अहवाल लिहायला ऑफिसात होतो. आप्पा खुर्च्या रचायला आले होते. दहाला व्हरांड्यात त्यांचा फोन वाजला. फोनचा आवाज मोठा ठेवायची आप्पांना सवय, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं.

आप्पांनी चिठ्ठी उलगडली आणि शाळकरी पोरासारखं वाचायला लागले. दुसऱ्याच शब्दाला अडखळले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळले.

"आप्पा," तिकडून आवाज आला, "हे कुणी लिहून दिलं?"

"भाऊसाहेबानं," आप्पा म्हणाले. लपवाछपवी त्यांना कधी जमलीच नाही. मला वाटलं, आता 'ठेवू का' येणार. मी तर कानावर हातच ठेवणार होतो. तेवढ्यात आप्पा हळूच म्हणाले, "अशे, तुझ्या माश्या बऱ्या हायत न्हवं?"

तिकडं हुंदका फुटला. "मेल्या, आप्पा. सगळ्या मेल्या. दोनदा मेल्या. का मरतात कळत नाही. मी कुणालाच सांगितलं नाही."

आप्पा भिंतीला टेकून खाली बसले. "कवा? एकदम का एकेक करून? खायला काय घातलं हुतं? बाटल्या कशानं धुतल्यास? साबनाचा वास गेला हुता का? पालथ्या घालून वाळवल्या का तशाच पुसल्या?" ती एकेकाचं सांगत होती, मधूनच रडत होती, मधूनच हसत होती. मध्येच आप्पा म्हणाले, "तुलाबी कळंना व्हय? मग बोल बिनघोर. मला तरी कुटं कळतंय?"

तासभर चाललं. माझ्या अहवालाची एक ओळ पुढं सरकली नाही, आणि खोटं कशाला बोलू, कागद मला धूसर दिसायला लागला होता.

फोन ठेवून आप्पा माझ्या टेबलाशी आले. डोळे लाल, चेहरा मात्र लहान पोरासारखा खुललेला. "भाऊसाहेब, माझी आठ दिस रजा टाका. बंगळूरला जातो."

मी अर्ज काढला. "कारण काय लिहू? घरगुती?"

"न्हाय न्हाय," आप्पा म्हणाले, "प्रयोगशाळेचं काम लिवा. तिथं पोरी आपल्या आपनच बाटल्या धुत्यात म्हनं. सुकल्या का न्हाय, ते बघाया कोनी न्हाय तिला."