ग्रेडरसाहेबांचा मागचा शॉकअप

गावंडे ग्रेडर आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बसले नाहीत. माझी बायको म्हणाली, "बसा नं भाऊजी." तर त्यांनी वाकून सोफ्यावर तळहात ठेवला आणि तीनदा दाबला. कान तिरपा करून आतल्या स्प्रिंगची कुरकुर ऐकली. मग खिशातून स्टीलची पट्टी काढून गादी किती दबते ते मोजलं आणि कुणी वारल्यासारखी मान हलवली.

"आखूड हाये जी. पाहुण्याच्या मणक्याले त्रास होते."

आणि लाकडी खुर्चीवर बसून त्यांनी दोन कप चहा घेतला.

हा माणूस जे दिसेल ते दाबून पाहायचा. बाजारात उभ्या असलेल्या मोटारसायकलींच्या सीटा, एसटीतली बाकडी, डॉक्टरांकडचं तपासायचं टेबल. एका लग्नात तर वरपक्षाच्या जीपचं बोनेट दाबताना ड्रायव्हरनं त्यांचा हात धरला. "काय करून राह्यले काका?" साहेब शांतपणे म्हणाले, "तुयाच गाडीचं भलं करून राह्यलो."

आखूड नि लांब ही त्यांची जन्माची भाषा. आर्णीच्या कापूस खरेदी केंद्रावर ते पंचवीस वर्षं ग्रेडर होते. गाडीतला चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन बोटांनी ओढायचा, अंगठ्यावर धागा ठेवून लांबी सांगायची. त्यांनी मिलिमीटर सांगितला की मशीन लावायची गरज पडत नसे. लग्न केलं नव्हतं. काहून नाही केलं, असं विचारलं तर म्हणत, "हंगामात सुट्टी भेटली नाई."

पण त्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. केंद्र आधी उशिरा उघडू लागलं, मग आठवड्यातून दोनच दिवस, आणि एका हंगामात उघडलंच नाही. साहेबांना घरी बसवलं. टपऱ्यांवर बसून माणसं नुसती रस्त्याकडे बघत. आमच्या शाळेतली पोरंसुद्धा हळू बोलायला लागली होती. अशा दिवसांत ग्रेडरसाहेबांनी यवतमाळहून सायकल आणली.

साधी नव्हे. जाड टायरांची, गिअरची, डोंगरात चालवायची, मागच्या चाकालाही शॉकअप असलेली. आर्णीत डोंगर नाही. पण साहेब म्हणाले, "खड्डा म्हंजे उलटा डोंगरच की."

आठव्या दिवशी ते माझ्याकडे आले. चेहरा पडलेला.

"मास्तर, फसवलं. मागचं चाक फक्त साठ मिलिमीटर वर-खाली होते. मले शंभर पायजे."

"साठात भागत नाही का?"

"साठ म्हंजे आखूड धागा. त्याची सतरंजी होते. शंभराचं धोतर होते."

मोजायची त्यांची तऱ्हा मोठी झकास होती. शॉकअपच्या दांडीला कापसाचा धागा वळून गुंडाळायचा. दिग्रस रोडवरच्या खड्ड्यातून सायकल आणायची. शॉकअप दबला की धागा वर सरकतो आणि तिथंच राहतो. मग रस्त्याच्या मधोमध उकिडवं बसून पट्टी लावायची. मागं ट्रक हॉर्न मारत उभे.

दुरुस्तीला रफिकभाई होते. बसस्टँडमागं त्यांचं वेल्डिंगचं दुकान. पहिल्या खेपेला दोघांनी एका भंगार स्कूटरचा लांब शॉकअप काढून सायकलला बसवला. लांबी वाढली, पण सायकलचं ढुंगण इतकं वर गेलं की ती पाणी पिणाऱ्या बकरीसारखी दिसायला लागली. साहेब सीटवर बसले की घसरत घसरत हँडलवर यायचे.

रफिकभाई म्हणाले, "साहब, ये सायकल है. इसको सजदा क्यों करा रहे?"

मग त्यांनी मूळचा शॉकअप परत लावला आणि त्याचं खालचं टोक अडकवायचं भोक पुढं, चाकाचा दांडा जिथं सांध्यावर फिरतो त्याच्याजवळ, नव्यानं पाडलं. शॉकअप तेवढाच दबे, पण चाक जास्त हले. चाकाला पट्टी लावली. शंभर! साहेबांनी रफिकभाईला मिठी मारली आणि स्वतःचा शर्ट काळा करून घेतला. पण तेवढ्यात ते सायकलवर नीट बसले आणि सायकल जी खाली बसली ती उठेचना. स्प्रिंगला ते वजन पेलत नव्हतं.

तिसऱ्या खेपेला जाड तारेची स्प्रिंग आली. ती इतकी कडक की साहेब एकटे बसले तर सायकल मख्ख. हलायलाच तयार नाही. मला वाटलं, आता हा माणूस रडणार. तर ते टाळ्या वाजवत होते.

"बराबर हाये! हे दोन माणसांची हाये."

"दुसरा कोण?"

"तुमचं वजन किती जी, मास्तर?"

"अडुसष्ट."

"तुमी नाई चालत. मले एक्केचाळीस किलो पायजे."

मग सांगाड्याला मजबूत कॅरिअर वेल्ड झालं, त्याला पाठ टेकायला जागा, खाली पाय ठेवायला दांड्या. कॅरिअरवर एक्केचाळीस किलो सरकीचं पोतं आणि पोत्यावर पाण्यानं भरलेला तांब्या. पंधरा दिवस आर्णीनं हे पाहिलं. साहेब खड्डे शोधून शोधून सायकल घालायचे आणि तांब्यात किती पाणी उरलं ते मोजायचे. टपऱ्यांवरची माणसं पैजा लावू लागली: आज अर्धा, आज पाऊण. किती महिन्यांनी त्या रस्त्यावर मोठ्यानं हसणं ऐकू आलं. ज्या दिवशी तांब्या जवळजवळ भरलेला परत आला, त्या दिवशी चहावाल्यानं आपल्यातर्फे सगळ्यांना चहा पाजला.

"एक्केचाळीसच काहून?" मी विचारलं. साहेब पोत्याची गाठ तपासायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दारात उभे. "मास्तर, तुमची मोपेड घेऊन माया मागं मागं या. पडलो-झडलो तं माणूस पायजे."

दिग्रस रोडनं आठ किलोमीटर गेल्यावर उजवीकडे एक कच्चा फाटा वळतो. आत तांडा आहे. तिथं एका घराच्या ओसरीवर बाजेवर एक म्हातारा पडला होता. गंगाराम राठोड. केंद्रावरचा हमाल. तीस वर्षं त्यानं कापसाची बोंदरी, म्हणजे भलीमोठी गाठोडी, पाठीवर वाहिली होती आणि आता ती पाठ गेली होती. सुनेनं सांगितलं, बापूंना ऑटोत घालून एकदा नेलं, तर नाल्यावरच्या पहिल्याच रपट्यावर असे ओरडले की परत आणावं लागलं. दीड वर्षं झालं, बापू तांड्याबाहेर गेले नाहीत. रात्र रात्र झोप नाही.

साहेब दर रविवारी इथं यायचे, हे मला तेव्हा कळलं. धान्याच्या काट्यावर बसवून त्याचं वजनही त्यांनीच घेतलं होतं.

"साहेब, हे हलून राह्यलं," कॅरिअरवर बसताच गंगाराम घाबरला.

"हलालेच पायजे! तू हलू नोको, त्याले हलू दे."

सुनेनं ओढणीनं त्याला साहेबांच्या कमरेशी बांधलं. निघालो. पहिला खड्डा आला. मागचं चाक खाली गेलं, वर आलं. गंगाराम गप्प. दुसरा खड्डा. मग रपटा. रपट्यापलीकडं गंगारामनं हळूच विचारलं, "गेला का तो?"

"कवाचा गेला!" साहेब इतक्या जोरात ओरडले की शेतातले बगळे उडाले.

आर्णीत पोचल्यावर गंगारामला आलूबोंडा खायचा होता. दोन खाल्ले. मग बाजाराच्या कडेला एका व्यापाऱ्याची कापसाची गाडी उभी दिसली, तशी त्याची नजर तिथंच अडकली. साहेबांनी सायकल गाडीला टेकवली. गंगारामनं कापसात कोपरापर्यंत हात घातला.

"ओला हाये, साहेब."

"कोल्डा हाये, वाळून कडक!"

"तुमी बोटानं पाह्यता. मी पाठीनं पाह्यलं हाये. ओला."

"पंचवीस वर्षं हेच आयकलं तुयाकून! धागा पाह्य, अठ्ठावीस!"

"धागा असन. पण ओला."

अर्धा तास भांडण चाललं. गाडीवाला एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. साहेबांचा चेहरा लाल झाला होता, हातवारे चालले होते. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

परतताना ऊन उतरलं होतं. मी मागून येत होतो. निम्म्या वाटेत गंगारामचं डोकं साहेबांच्या पाठीवर टेकलं. मी मोपेड शेजारी घेतली. गंगाराम झोपला होता. तोंड उघडं, गाढ. साहेबांनी एक हात मागं नेऊन त्याच्या गुडघ्यावर ठेवला होता. मी काही बोलणार तोच त्यांनी दुसऱ्या हातानं हँडल धरल्याधरल्या नुसती मान हलवली. मी मोपेडचं इंजिन बंद केलं आणि पायडल मारू लागलो.

तांड्याचा फाटा आला. साहेब वळले नाहीत. खड्डे चुकवत, त्याची झोप न मोडता, हळूहळू, सरळ दिग्रसच्या दिशेनं पुढं गेले.