नजीरभाईंची लाल ताटली

वारंगा फाट्यावर माणूस भेटला की राम राम होतो, नाहीतर सलाम होतो. नजीरभाई म्हणतात, "आ करा." मग खिशातली बॅटरी काढून समोरच्याचा घसा बघतात. सरपंचांचा बघितलाय, कंडक्टरचाही सोडला नाही. रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहेत, हे मान्य. पण चहाच्या टपरीवर काहून? मला काही उमगत नाही.

लॅबच्या मागं त्यांनी एक मेंढी ठेवलीय, रानी. तिचं थोडं रक्त काढून ते जंतू वाढवायच्या खळीत मिसळून चपट्या ताटलीत थिजवतात आणि तिला गूळ चारतात. बकरी ईदला पाहुण्यांची नजर तिच्यावर गेली की सांगतात, "ती इस्टाफमधली हाय."

मागच्या थंडीत माझ्या सोनीचा घसा सुजला. डॉक्टरांनी लॅबला पाठवलं. नजीरभाईंनी तिच्या घशात कापसाची काडी फिरवली आणि ती ताटलीवर ओढली. दुसऱ्या दिवशी बघतो तर लालभडक ताटलीत बारीक ठिपके, अन् प्रत्येकाभोवती काचेसारखं आरपार कडं.

"साफ दिसून राहिलं की," मी म्हणालो, "म्हणजे बरी झाली?"

"साफ कशाचं? जंतूनं जहर सोडून लाल पेशी फोडल्या. लाली गेली, म्हणून पलीकडचं दिसून राहिलं."

"मग पोरीचं रक्तबी असंच..."

"न्हाई हो. हे रानीचं रक्त. पोरीच्या घशात कोण बसलाय, तेवढं कळलं. डॉक्टर देतील ते औषध पुरं करायचं. बरं वाटलं म्हणून सोडायचं न्हाई."

तेव्हापासून हा माणूस रोज सकाळी आमच्या दारात. सोनी गोळी गिळेपर्यंत हलायचा नाही. पोरगी उड्या मारायला लागली तरी येणं चालूच. बायको वैतागली, "आपल्यावर भरोसा न्हाई का यांचा?"

औषध संपलं. दुसऱ्या सकाळी नजीरभाई पुन्हा हजर.

"आता काहून आलात?" मी विचारलं.

ते उंबऱ्यावर बसले. "माझी धाकटी बहीण, शमा. हिच्याएवढीच होती. घसा दुखला, तर बोरं खाल्ली म्हणून दुखला म्हणलो आमी. घसा दुखायचा राहिला, मग सांधे धरले, मग दिल खराब झालं. गेली. तिला कुणी 'आ कर' म्हणलंच न्हाई."

सोनीनं त्यांच्या हातातली बॅटरी घेतली.

"चाचा, तुमी आ करा."

नजीरभाईंनी मुकाट्यानं आ केला. तिनं बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाली, "साफ हाय."

साफ म्हणजे चांगलं की वाईट, माझा अजून गोंधळ होतो. नजीरभाई मात्र तोंड मिटायचं विसरून रडत होते.