भुऱ्याच्या डोक्याबाबतचा ठराव

कुठल्याही कामाला हात घालण्याआधी ते काम जरुरीचं आहे की नाही हे ठरवावं लागतं, आणि हे ठरवण्याचं काम मूळ कामापेक्षा नेहमीच मोठं असतं. सुधारलेली राज्यं याच पायावर उभी आहेत. इंझोरीपासून दीड कोसावरचं बोरखेडी हे एकशे चौदा उंबऱ्यांचं गाव सुधारलेलं आहे, असं कोणी म्हणत नसे. पण सन एकोणीसशे छत्तीसच्या कार्तिकात या गावाने एका कुत्र्याच्या बाबतीत जे केलं ते पाहता, सुधारणेला तिथे पोचायला फक्त रस्ता नव्हता, बाकी सगळी तयारी होती.

कुत्रा इंद्रभानचा. नाव भुऱ्या. इंद्रभान हा वीस एकरांचा कास्तकार, आणि आपल्याला भुऱ्याबद्दल विशेष काही वाटत नाही, असं तो सर्वांना सांगत असे. जेवताना पहिली भाकर तो भुऱ्याला टाकी. ज्वारीच्या जागलीला गेला की अर्धी घोंगडी त्याच्या अंगावर घाली. रुख्मिणीने, म्हणजे बायकोने, तीनदा हाक मारूनही न उठणारा हा माणूस भुऱ्या एकदा भुंकला की उठून बसे. (हे सगळं विशेष काही वाटत नसताना.)

सोमवारी सकाळी भुऱ्याने भाकर सोडली. तोंड उघडं पडलं, लाळेची तार जमिनीला टेकली, आवाज बसला. मधूनच तो पुढच्या पंजाने तोंड खरवडी आणि कण्हे. रुख्मिणीने त्याला बैलाच्या साखळीने गोठ्यातल्या खांबाला बांधलं, आणि न्याहारीच्या आत कुत्रा पिसाळल्याची बातमी गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचली. तिथून ती परत आली तेव्हा भुऱ्या तिघांना चावलेला होता. त्या तिघांची नावं मात्र कोणाला सांगता येईनात.

पाटील उकंडरावांनी लगेच चावडीत सभा बोलावली. सभासद नऊ. जब्बार पिंजारी आला, दुकानदार गोपीचंद आला, भाऊसिंग काठी घेऊन आला (केवळ हाताला सवय म्हणून). इंद्रभानलाही घेतलं, कारण कुत्रा त्याचा होता आणि उद्या कोणी म्हणायला नको.

पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, हे बोरखेडीत सर्वांना ठाऊक होतं. म्हणून सभेने आपली अशी एक तपासणी तिथल्या तिथे उरकली. भाऊसिंगने लांबून भुऱ्यावर बादलीभर पाणी फेकलं. भुऱ्या मागे सरला. तरीही अन्याय होऊ नये म्हणून, आणि हा सभेचा मोठेपणा आहे, गावातल्या इतर अकरा कुत्र्यांवरही पाणी फेकण्यात आलं. अकराच्या अकरा पळाले. म्हणजे बारापैकी बारा. या ओघात थोडं पाणी गोपीचंदच्या अंगावर गेलं आणि तोही पळाला, पण सभासद असल्यामुळे त्याची नोंद घेतली नाही.

"पाटील," इंद्रभान म्हणाला, "एक डाव डॉक्टरले तं इचारू द्या. मंगरूळले ढोराचे डॉक्टर हायेत."

"इचार ना बाप्पा," उकंडराव म्हणाले. "इचारल्यानं कोनाचं काय जाते?"

मंगळवारी इंद्रभान बैलगाडीने मंगरूळपीरला गेला. कुत्रा नेला नाही, कारण तो बसलेली गाडी ओढायला बैलांचीही तयारी नव्हती. गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर अन्सार साहेब चाळीस आजारी बैलांच्या मधोमध उभे होते. त्यांनी इंद्रभानचं बोलणं एका कानाने ऐकलं. दुसऱ्या कानाला एक बैल लागलेला होता.

"बिना देखे मी काय सांगू, भाई?" ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात फिरतीवर येतो. तोवर हे कागदावर लिहून देतो. पिसाळला असंल तं दहा दिवसांत मरतेच. दहा दिवस जगला तं समजायचं, त्याच्यात काही नव्हतं, अन् ज्याले चावला त्यालेही धोका नाही. समजलं?"

इंद्रभानला समजलं. कागदावर तीन तपासण्या होत्या:

एक, तोंड व घसा सांभाळून पाहणे, काही अडकले आहे काय.
दोन, दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवणे.
तीन, मेल्यास डोके कापून, डब्यात बर्फ व लाकडाचा भुसा घालून सरकारी प्रयोगशाळेकडे पाठवणे.

बुधवारी सभा पुन्हा भरली. विषय एकच: सुचवलेल्या तपासण्या जरुरीच्या आहेत काय? डॉक्टर लोक तपासण्या सुचवतातच, त्यांचं ते कामच आहे. पण सुचवलं ते सगळं निमूट करायचं तर माणसाला अक्कल कशाला दिली, असा सभेचा दृष्टिकोन होता, आणि तो सर्वथा योग्य होता.

पहिली तपासणी सभेने सर्वांत आधी रद्द केली. इथे हे सांगायला हवं की या नऊ जणांनी आजवर बाजारात मिळून किमान दोन हजार बैलांची तोंडं उघडली होती. बैल घ्यायचा म्हणजे आधी त्याचा जबडा फाकवायचा, दात मोजायचे, जीभ बाजूला सारून दाढा पाहायच्या. दोनदाती, चारदाती, जुळलेला, हे उकंडराव डोळे मिटून नुसत्या अंगठ्याने सांगत. आणि नेमक्या याच कारणाने सभेला या तपासणीत काही दम दिसला नाही.

"तोंड तं आपन बैल इकत घेताना पायतो," गोपीचंद म्हणाला. "कुत्रा कोनाले इकायचा हाय?"

कुत्रा कोणालाच विकायचा नव्हता. शिवाय जे काम बोरखेडीतल्या कोणालाही येतं, त्याला तपासणी म्हणता येत नाही. तपासणी म्हटली की ती आपल्याला न समजणारी असायला हवी. ठराव एकमताने.

दुसऱ्या तपासणीवर बराच काथ्याकूट झाला. दहा दिवस राखण कोण करणार? दिवस ज्वारीचे, कापूस फुटलेला. साखळी तुटली तर? आणि सर्वांत मोठी अडचण उकंडरावांनी दाखवली. समजा दहा दिवस थांबलो आणि कुत्रा चांगलाच निघाला, तर मग ते दहा दिवस फुकट गेले की नाही? हा मुद्दा सभेने लिहून घेतला.

"मी सोता बसतो ना त्याच्यापाशी," इंद्रभान म्हणाला. "दहा दिवस. हलत नाई तिथून."

"इंद्रभानभाऊ," जब्बार हळूच म्हणाला, "माह्ये लेकरं त्याच गल्लीत खेळतेत रे." जब्बार वाईट माणूस नव्हता. त्याची भीती खरी होती, आणि इंद्रभानला त्याच्यावर रागावताही येईना.

उरली तिसरी. ती सभेला एकदम पटली. तिच्यात डबा होता, बर्फ होता, प्रयोगशाळा होती, आणि उत्तर छापील कागदावर येणार होतं. सरकारात डोकं गेलं की सोबत जबाबदारीही जाते. तिची अट एवढीच, की कुत्रा मेलेला हवा. "मेल्यास" हा शब्द कागदावर स्पष्ट होता, आणि कागदाबाहेर जाण्याचा सभेचा बिलकुल विचार नव्हता. ही अट शुक्रवारी सकाळी पूर्ण करून देण्याची भाऊसिंगने तयारी दाखवली.

मतं घेतली. आठ विरुद्ध एक. ते एक मत इंद्रभानचं, आणि तो कुत्र्याचा धनी असल्यामुळे त्याचं मत आपलेपणाने बाधित, म्हणून वगळलं. ठराव एकमताने.

मग डब्याचा प्रश्न निघाला. गोपीचंदकडे रॉकेलचे डबे होते, पण रॉकेलच्या वासाने प्रयोगशाळेची दिशाभूल झाली असती. तुपाच्या डब्याला दोघांनी धर्माच्या दृष्टीने हरकत घेतली. चहाचा डबा सुबक होता, मात्र डोकं त्यात मावेल की नाही याची शंका होती. बर्फ कसा दिसतो हे नऊपैकी दोघांनीच पाहिलं होतं, आणि त्यांची वर्णनंही एकमेकांशी जुळत नव्हती. शेवटी, आधी मापं घ्यावीत, मग डबा ठरवावा, असं ठरलं. भुऱ्या दुसऱ्या कोणाला जवळ येऊ देणार नाही म्हणून मापाची सुतळी इंद्रभानच्याच हातात दिली.

इंद्रभान गोठ्यात गेला. भुऱ्याने शेपूट हलवली. इंद्रभानने सुतळी त्याच्या कानांमागून घेतली, खाली गळ्याशी आणली आणि गाठ मारली. मग नाकापासून मानेपर्यंत. भुऱ्याने आपलं डोकं उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं, जणू मापाला सोपं जावं म्हणून. तेव्हा इंद्रभानला रडू आलं. चांगलं मोठ्याने आलं. विशेष काही वाटत नसलेल्या माणसाला येऊ नये इतकं.

रुख्मिणी शेण भरायला आली होती, ती पाटी हातात धरून तशीच उभी राहिली.

"काय मापून राह्यले?"

"डोकं."

"कायले?"

त्याने सगळं सांगितलं. डबा, बर्फ, शुक्रवार, भाऊसिंग. तिने ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् तोंड? तोंडात पाह्यलं का कोनं?"

"ते जरुरीचं नाई ठरलं."

रुख्मिणीने पाटी खाली ठेवली. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या झाडाचा, एक जाड खुंट मोडून आणला, उजव्या हाताला गोधडीचं फडकं गुंडाळलं. "मान धरा," ती म्हणाली, "अन् सोडान तं पाहा." इंद्रभानने दोन्ही गुडघ्यांत भुऱ्याला दाबला. तिने खुंट जबड्यात आडवा घातला, हात आत नेला, वरच्या दाढांमध्ये टाळूला आडवं बसलेलं एक हाड बोटांनी चाचपलं, मागे लोटलं, फिरवलं आणि ओढून काढलं. बोटभर लांबीचं, दोन्ही टोकांना अणकुचीदार. हात बाहेर येताना फडकं सरकलं आणि मनगटाला एक दात लागला. तिने मनगट पदराला पुसलं. भुऱ्याने पाण्याच्या घमेल्यात तोंड घातलं ते तळ दिसेपर्यंत वर काढलं नाही. मग त्याने भाकर खाल्ली, मग दुसरी, आणि मग सुतळी.

इंद्रभान हाड घेऊन चावडीकडे धावला. धावताना तो हसत होता की ओरडत होता, हे रस्त्यातल्या कोणाला सांगता आलं नाही.

सभेने हाड ताबडतोब मान्य केलं नाही. हाड सभेच्या परवानगीविना सापडलेलं होतं. ते एका बाईने काढलं होतं, जी सभासद नव्हती. आणि ज्या तपासणीतून ते निघालं, ती तपासणी त्याच दिवशी अनावश्यक ठरलेली होती. अनावश्यक तपासणीतून निघालेलं उत्तर खरं कसं मानायचं? (हा मुद्दा गोपीचंदचा. तालुक्याच्या कोर्टात तो एकदा साक्षीदार होता.) पण तेवढ्यात भुऱ्याचं भुंकणं चावडीपर्यंत आलं, पूर्वीसारखं, भरदार. जब्बारने "या अल्ला" म्हणून मोठा श्वास सोडला आणि इंद्रभानच्या पाठीवर थाप मारली. मग सभाही विरघळली. हाड पुन्हा पाहताना नऊपैकी आठ जणांना, आपण पहिल्याच दिवशी घशात काहीतरी अडकल्याचं बोललो होतो, हे आठवलं. भाऊसिंग तर म्हणाला की काठी त्याने हाड काढायलाच आणली होती. कुत्रा निर्दोष. ठराव एकमताने.

घरी येऊन इंद्रभान साखळी सोडायला वाकला.

"राहू द्या," रुख्मिणी म्हणाली. "दहा दिवस होऊ द्या."

"कायले वं? हाड निंगालं ना!"

"कागदावर दहा दिवस हायेत. हाड असलं म्हनून दुसरं काई नसंल, असं कागदावर कुठी हाय?"

बायकांना सरकारी कागदाची फार धास्ती असते, असं इंद्रभानला वाटलं, आणि त्याने ते चारचौघांत कौतुकाने सांगितलंही. दहा दिवस भुऱ्या गोठ्यात लाडात राहिला. गावातून रोज कोणी ना कोणी येऊन त्याला पाहून जाई. गोपीचंदने गूळ पाठवला. उकंडरावांनी निरोप धाडला की कुत्र्याच्या प्रकृतीचं कळवत जा. रुख्मिणी सकाळी उठली की आधी गोठ्यात जाई, भुऱ्यासमोर पाणी ठेवून तो पितो का ते पाही, आणि मगच चुलीकडे वळे. ती फारशी जेवत नव्हती. तिला सुगीचा थकवा आला असावा, असं इंद्रभानला वाटलं. असं वाटायला त्याला दहा दिवसांत एकदाच वेळ मिळाला.

अकराव्या दिवशी तिने स्वतः साखळी सोडली. भुऱ्या अंगणात तीन फेऱ्या मारून उंबऱ्याशी आला, आणि रुख्मिणी त्याच्या गळ्यात हात घालून हमसून हमसून रडली. इंद्रभान गोंधळला.

"आता काहून रडून राह्यली? वाचला ना तो!"

तिने मनगट पुढे केलं. जखम बरी होत आली होती. बारीकशी खपली, ज्वारीच्या दाण्याएवढी.

"दात लागला होता मले."

इंद्रभान खाली बसला. "मंग बोलली काहून नाई?" त्याने विचारलं.

"बोलली असती," रुख्मिणी पदराने डोळे पुसत म्हणाली, "तं तुमी सभा भरवली असती."

हे प्रकरण बोरखेडीच्या कागदांत इथेच संपतं. सुचवलेल्या तीनही तपासण्यांचा सभेने साधकबाधक विचार केला, हे दप्तरात नमूद आहे. रुख्मिणीच्या मनगटासाठी कोणी कुठलीच तपासणी सुचवली नव्हती, त्यामुळे ती जरुरीची आहे की नाही हा प्रश्न उद्भवला नाही. सभेला यात दोष देणं बरोबर होणार नाही. तिला दात लागल्याचं सभेला माहीतच नव्हतं.

वाचकांना मात्र माहीत होतं. ते वर एका वाक्यात स्पष्ट लिहिलं आहे, आणि ते वाक्य वाचून सगळे जण, भुऱ्या पाणी प्यायला का, हे पाहायला पुढे गेले. सभेत नऊच्या वर सभासद घेऊ नयेत असा काही नियम नाही. चावडीतली सतरंजी मोठी आहे.