साळवीच्या जागी राणे मॅडम

आमच्या राणे मॅडम झापतात तेव्हा केबिनचं दार लावून घेतात. शाबासकी मात्र सकाळच्या हजेरीला, सगळ्यांसमोर देतात. मी फौजदार म्हणून मालाडला आलो आणि रोज त्या बंद दाराआड जाताना दिसू लागलो. ठाण्यात बातमी पसरली की परबवर मॅडमची खास मर्जी आहे. एका हवालदारानं तर बदलीसाठी माझा वशिला लावून पाहिला. मीही 'बघतो' म्हणालो.

मॅडम आमच्या वरिष्ठ निरीक्षक. कुणाचीही तक्रार नेली की त्यांचा प्रश्न ठरलेला, "माणूस दमलाय की कामचुकार आहे?" माझ्या बाबतीत त्यांना हा प्रश्न कधी पडला नाही.

एकदा वरून हुकूम आला: ताण कसा कमी करावा यावर व्याख्यान आहे, सर्वांनी हजर राहावं. दिवस नेमका सुट्टीचा. मॅडम एकट्याच गेल्या. स्टाफ कुठंय, असं वरच्या साहेबांनी विचारल्यावर म्हणाल्या, "ताण कमी करायला घरी थांबलाय, सर."

गणपतीत सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. शिपाई साळवीची लहानगी देवगडला आजीकडे. तिनं उन्हाळ्यापासून आईला पाहिलं नव्हतं. मी बंदोबस्त तपासायला जीपमधून निघालो, तर नाक्यावर साळवीच्या जागी पिवळं चकाकतं जॅकेट बॅरिकेडला टेकलेलं. मी मागूनच ओरडलो, "काय गं साळवी, खुर्ची आणून देऊ?"

जॅकेट वळलं. खांद्यावरचे तारे त्याखाली झाकलेले, पण चेहरा मॅडमचा होता.

"आणा," त्या म्हणाल्या. "साळवीला कधी विचारलं होतंत?"

रजा देणं हातात नाही, म्हणून त्यांनी साळवीला रजेशिवायच गावी पाठवून दिलं होतं आणि तिच्या जागी स्वतः उभ्या होत्या.

तेवढ्यात उपायुक्तांची गाडी थांबली. मी असा काही सॅल्यूट ठोकला की माझीच टोपी पडली.

"राणे, तुम्ही इथे, मग ठाणं कोण चालवतंय? इथल्या शिपायाला गावी पाठवलंत असं कळलं. तिला आजच्या आज बोलवा."

"विसर्जन करून येईल, सर. खुलासा माझा घ्या."

मॅडमची बढती तोंडावर आली होती; अशा वेळी हे असं कुणी बोलत नाही. मी जमिनीवरची टोपी उचलायचंही विसरलो. उपायुक्तांनी ड्रायव्हरला गाडी काढायची खूण केली. "लेखी द्या," म्हणाले आणि निघून गेले. साळवीला बोलवा, हे काही पुन्हा म्हणाले नाहीत.

मी इतका भारावलो की नको ते बोलून गेलो. "मॅडम, सणाचा दिवस आहे. तुम्ही घरी जा, मी उभा राहतो."

त्यांनी हात करून एक रिक्षा थांबवली, एका म्हाताऱ्या बाईंना रस्ता ओलांडू दिला.

"घरी जाऊन काय करू, परब? तिथे कोणी नाही. इथे निदान हात केला की रिक्षा तरी थांबतात."

मी जीप पाठवून दिली आणि रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.