अव्वांच्या मधल्या खोलीतली शाकाहारी मंडळी

दीपकने लग्नासाठी मुलगी पसंत करायला वीस मिनिटं घेतली होती. कोळंब्यांसाठी टाकी पसंत करायला त्याला तीन आठवडे लागले. हा हिशेब उत्कर्षाने, म्हणजे त्या वीस मिनिटांतल्या मुलीनेच, मांडला होता.

या कोळंब्या खायच्या नव्हत्या. बोटाच्या पेराएवढ्या, लालभडक, काचेत ठेवून बघत बसायच्या आणि जमलंच तर त्यांची पिल्लं वाढवायची. टॉवेलच्या कारखान्यात दिवसभर नक्षी काढणाऱ्या दीपकला हा नाद फोनवरच्या व्हिडिओंनी लावला. एक मोठी टाकी की दोन लहान? तळाला माती की वाळू? साधा फिल्टर पिल्लं ओढून घेतो, म्हणून स्पंजचा. पण स्पंज जाड की बारीक? जेवतानाही ताटाशेजारी या टिपणांचा कागद असे.

"अहो, एवढा विचार घर बघताना केला होता का?" उत्कर्षा म्हणाली.

घर बघताना विचार करायची सोयच नव्हती. चार घरमालकांनी आधी आडनाव विचारलं, मग 'कळवतो' म्हणाले आणि कळवलंच नाही. भवानी पेठेतल्या गुरम्मा तेवढ्या वेगळ्या निघाल्या. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, गल्ली सगळी त्यांना अव्वा म्हणायची. त्यांनी आडनाव विचारलं नाही. एवढंच विचारलं, "खात न्हाई न्हवं?"

"नाही अव्वा," दीपक म्हणाला, आणि वरची पत्र्याची खोली मिळाली. गेली तीन वर्षं दोघं दर रविवारी संध्याकाळी 'फिरायला' जात होते. म्हणजे खानावळीत मटण-भाकरी खात, वर पान चघळत आणि वास जाईपर्यंत तळ्याकाठी चकरा मारत.

टाकी आली, माती आली, शेवाळ आलं, बारीक स्पंज आला. वीस कोळंब्या आल्या. तीन आठवड्यांच्या विचारात फक्त पत्रा राहून गेला होता. एप्रिलमध्ये तो तापला आणि टाकीतलं पाणी तेहतीस अंशांवर गेलं. दीपकने बर्फाच्या बाटल्या सोडल्या, ओले टॉवेल गुंडाळले. कोळंब्या कोपऱ्यात निपचित पडून राहिल्या. त्यातली एक पोटाखाली अंडी घेऊन होती. घरात गार जागा एकच होती, अव्वांची मधली खोली. शहाबादी फरशीची, आणि देवघराला लागून.

"मासं न्हाईत न्हवं?" अव्वांनी दारातच विचारलं.

"छे छे! मासे नाहीत. शेवाळ खातात बिचारी. पालक उकडून दिला तर फार आवडतो."

"मटण-मच्छी?"

"पक्की शाकाहारी, अव्वा." इथे थांबायला हवं होतं. पण खोटं एकदा जमलं की माणसाला चेव येतो. "कांदा-लसूणसुद्धा चालत नाही."

"अय्यो शिवा! आमच्यापरीस सोवळी की रं!"

टाकी मधल्या खोलीत गेली आणि दीपकच्या हातातूनही गेली. अव्वा स्वतः पालक उकडू लागल्या, बिनमिठाचा. एकदा टाकीत काचेसारखं पारदर्शक कोळंबीचं टरफल दिसलं तेव्हा त्या डोळ्यांना पदर लावून बसल्या. ती टाकलेली कात आहे हे दीपकने समजावल्यावरच त्या जेवल्या.

अक्कलकोटहून त्यांचा भाऊ निंगप्पा आला. त्याने वाकून पाहिलं. "अक्का, ही तर सुकट हाय की! अजून वाळवली न्हाई, एवढंच."

"तुला कसं रं ठावं, सुकट कशी दिसती ते?"

निंगप्पा एसटीची वेळ झाली म्हणून चहा न घेताच गेला.

अव्वांना मात्र आता ही गोष्ट गल्लीला पटवणं भाग होतं. सोमवारी पूजा आटोपल्यावर त्यांनी आठ-दहा बायकांना बोलावलं. "बघा, जित्राब असून कांदा-लसूण न्हाई." बायकांनी हात जोडले. एकीला राहवलं नाही. तिने प्रसादाची मूठभर खडीसाखर टाकीत सोडली.

दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळलं. दीपक कारखान्याला दांडी मारून पाणी बदलत बसला. बुधवारी सकाळी अव्वांनी हाक मारली ती वेगळ्याच आवाजात. टाकीच्या तळाशी सात-आठ कोळंब्या दाटीवाटीने जमून काहीतरी मन लावून खात होत्या.

"कात आहे, अव्वा. टाकलेली कात खातात त्या."

"कात काचंसारखी असती. तूच दावलीस." अव्वांनी चष्मा काढून पुसला. "ही लाल हाय. आन् परवा हालत हुती."

पुढे त्या काही बोलल्या नाहीत. गुरुवारी नाहीत, शुक्रवारीही नाहीत. वर उत्कर्षाने न सांगता पुस्तकं खोक्यात भरायला घेतली. दीपकला पुन्हा ते 'कळवतो' आठवू लागलं. पण त्याहून जास्त त्याला लाज वाटत होती. आडनाव न विचारणारी एकच बाई भेटली आणि आपण तिलाच फसवलं.

रविवारी संध्याकाळी दोघं घरातच बसून होते. खालून हाक आली. "दीपक! आज फिराया न्हाई?"

दोघं खाली गेले. अव्वा टाकीसमोर पाट घेऊन बसल्या होत्या.

"पिल्लं झाल्यात. कणीएवढी. बघ, त्या पानाखाली."

दीपकने पाहिलं नाही. "अव्वा, मी खोटं बोललो. ही सगळं खातात."

"कुणाचं सांगतूस? ह्यांचं की तुमचं?"

उत्कर्षा फरशीकडे बघू लागली.

"सोमवार ते शनवार कदी पान खात न्हाई तुमी. रविवारीच तेवढी दोगांची तोंडं लाल. तीन वर्सं बघतीया."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर गेला असता की तुमी." अव्वांनी पालकाचं पान हळूच पाण्यात सोडलं. "तुमच्या आदी ती खोली दोन वर्सं रिकामी हुती. न खाणारी लई जणं बघून गेली. पत्रा तापतोय म्हनली."

कोळंब्या पालकावर जमल्या, बुधवारी जमल्या होत्या तशाच मन लावून. अव्वांनी काचेवर बोट टेकवलं.

"तुमी निदान घरात आनलं न्हाई, भाईर जाऊन खाल्लं," त्या म्हणाल्या. "ह्यांस्नी बिचाऱ्यांस्नी फिराया जायची सोय न्हाई."

दीपकला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. त्याने चष्म्याचं निमित्त केलं, पण तो चष्मा लावत नव्हता.

"जावा आता, अंधार हुईल," अव्वा म्हणाल्या. दोघं उंबऱ्याबाहेर पडले तेव्हा मागून आवाज आला.

"येताना मलाबी एक पान आन रं. नुस्तं पान, हां!"