आमचा पाय

माझ्या नातवंडांनो, इरा आणि निनाद, शाळेच्या प्रकल्पात घराण्याचा तक्ता करायचा म्हणून इराने परवा फोनवर ‘आनुवंशिक’चा अर्थ विचारला. मग हळूच म्हणाली, “आजी, मी तर दत्तक. मी काय लिहू?” उत्तर फोनवर मावणारं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

हा शब्द आमच्या बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या गल्लीत एकाच माणसाचा: समोरच्या सदाअण्णांचा. मूळचे बेळगावकडचे, एकटे, सरकारी कारखान्यातून निवृत्त. भाजीवालीने वर कोथिंबीर दिली नाही, की म्हणणार, “हिची आईही देत नव्हती. आनुवंशिक.” रिक्षावाला नाही म्हणाला, तर त्याचा बापही नाही म्हणत असणार.

“घर मिळतं ते वडिलोपार्जित, अक्का,” ते मला समजावत. “गुडघेदुखी मिळते ती आनुवंशिक. घर विकता तरी येतं.”

बारशाला त्यांना मुद्दाम बोलवत. बाळाचं नाक कोणाचं, कान कोणाचे, हे अण्णा ठरवणार. एकदा त्यांनी नाक मामाच्या पदरात टाकलं, तर आत्या न जेवता गेली.

इरा, तुझ्या बारशाला पाळण्याभोवती बायका जमल्या. कोणी झबल्याचं कौतुक केलं, कोणी उकाड्याबद्दल बोललं. नाकाचा विषय कोणी काढेना. तुझी आई पाळण्याची दोरी धरून उभी होती. कोणीतरी काहीतरी म्हणावं म्हणून ती थांबली होती, हे मला दिसत होतं.

“स्वल्प सरका,” म्हणत अण्णा पुढे आले. चष्मा लावून तुला डोक्यापासून न्याहाळत पायांपर्यंत पोचले. मग स्वतःचा पाय स्टुलावर ठेवला.

“बघा. अंगठ्याशेजारचं बोट लांब. हिचंही तसंच. आमच्या घराण्याचा पाय. आनुवंशिक.”

असा पाय निम्म्या मल्लेश्वरमचा असेल. मी म्हटलं, “अण्णा, तुमचं तर लग्नही झालं नाही.”

“म्हणूनच काळजी होती, अक्का,” ते म्हणाले. “माझ्यानंतर हा पाय कोणाचाच नव्हता.”

तुझी आई हसली. मग तिने तुझं पाऊल हातात घेतलं, ते जेवणाची पानं मांडेपर्यंत सोडलं नाही. त्यानंतर बायकांना कंठ फुटला. हनुवटी माझी ठरली, कपाळ तुझ्या बाबांचं.

इरा, तुझ्या तक्त्यात हे सगळं लिही. अण्णांनाही कुठेतरी बसव.

ते आता काठी घेऊन चालतात. मागच्या आठवड्यात फाटकाशी थांबून विचारत होते, “आमच्या पायाला आता बुटाचा कितवा नंबर लागतो?” तुम्ही तिकडे राहायला गेल्यापासून आपलं घराणं परदेशात आहे, असं ते सगळ्यांना सांगतात. गल्लीत कोणी नाही म्हणत नाही.